‘पूर्वावस्था’ म्हणजे पहिली अवस्था नव्हे

प्रश्न असा आलेला आहे: वडिलांचा रक्ततपासणीचा अहवाल पाहून एका डॉक्टरांनी ‘क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया’, म्हणजे सीएलएल हा रक्ताचा कर्करोग, असे सांगितले, दुसऱ्यांनी तोच अहवाल पाहून ‘हा कॅन्सर नाही, कॅन्सरची पूर्वावस्था आहे’ असे सांगितले, अहवालात मात्र ‘सीएलएल प्रकारची मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस’ असे शब्द आहेत. घरच्यांनी पूर्वावस्थेचा अर्थ ‘पहिली स्टेज’ असा घेतला. तो बरोबर आहे का, आणि नसेल तर मराठीत काय म्हणावे?

तो अर्थ बरोबर नाही, परंतु घरच्यांची चूकही नाही. मराठीत ‘अवस्था’ हा शब्द बहुधा क्रमाने येतो. बाल्यावस्थेनंतर तारुण्यावस्था यायचीच आणि अळीच्या अवस्थेनंतर कोषाची. त्यामुळे ‘कर्करोगाची पूर्वावस्था’ म्हटले की रोग सुरू झालेला आहे, फक्त कोवळा आहे, असेच कानाला वाटते. त्यातून ‘प्राथमिक अवस्थेतील कर्करोग’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी इतका रुळवला आहे की ‘पूर्व’ आणि ‘प्राथमिक’ यांतील अंतर सहज पुसले जाते. प्राथमिक अवस्थेत रोग असतो. पूर्वावस्थेत, डॉक्टरांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने, तो अजून नसतो.

आता अहवालातील शब्द पाहू. ‘लिम्फोसायटोसिस’ म्हणजे लसीकापेशींची (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढलेली संख्या, एवढेच; हे रोगाचे नाव नव्हे. ‘बी-सेल’ म्हणजे बी पेशी, लसीकापेशींचाच एक प्रकार. ‘मोनोक्लोनल’ म्हणजे एकाच पेशीची संतती असलेल्या, ज्यांना मी ‘एकवंशी’ म्हणेन. आणि सगळा घोटाळा ज्याने केला, ते ‘सीएलएल प्रकारची’ हे विशेषण पेशींच्या रूपाबद्दल आहे. पेशींवरील खुणा तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत या पेशी सीएलएलमधील पेशींसारख्याच दिसल्या, असे प्रयोगशाळा सांगते आहे. सीएलएल झाला आहे, असे नाही. येथे ‘सीएलएलसदृश’ असे लिहिले असते, तर निम्मी भीती वाचली असती.

पेशी सारख्याच दिसत असतील, तर दोहोंत फरक कशाचा? मुख्यतः मोजणीचा. अशा एकवंशी बी पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५,००० किंवा त्याहून अधिक असतील आणि ती संख्या किमान तीन महिने टिकली असेल, तर सीएलएल म्हणतात. त्याहून कमी असतील, लसीकाग्रंथी, यकृत वा प्लीहा वाढलेली नसेल आणि या पेशींमुळे रक्तक्षय किंवा प्लेटलेटची घट झालेली नसेल, तर एमबीएल, म्हणजे अहवालातील ‘मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस’. (पेशी कमी पण ग्रंथी वाढलेल्या, असे असेल तर नाव आणखी तिसरेच, स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा, होऊ शकते.) मात्र ५,००० कशाचे मोजायचे, हेच मध्यंतरी बदलले. १९९६ च्या निकषांत एकूण लसीकापेशी मोजत. २००८ पासून फक्त बी पेशी मोजतात. समजा, एकूण पांढऱ्या पेशी ११,८०० आहेत आणि त्यांत ५८ टक्के लसीकापेशी, म्हणजे सुमारे ६,८४०. पण त्यांतील एकवंशी बी पेशी ४,२००. जुन्या मोजणीने हा मनुष्य सीएलएलचा रुग्ण ठरेल, नव्या मोजणीने ठरणार नाही, आणि त्याच्या रक्तात मात्र एका पेशीचाही फरक पडलेला नसेल. दोन डॉक्टरांच्या शब्दांतील अंतर असेही पडू शकते. कोणत्या आकड्यावरून नाव दिले, हे त्यांना विचारणे योग्य.

‘पूर्व’ शब्दाबद्दल थोडे अधिक. सीएलएलच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या रक्तात आधी एमबीएल असते, म्हणून मागे वळून पाहणाऱ्याला ती पूर्वस्थितीच दिसते. पुढे पाहणाऱ्याला तसे दिसत नाही: पेशींची संख्या तुलनेने जास्त, म्हणजे ५०० ते ५,००० यांच्या दरम्यान, असलेल्या शंभर जणांत वर्षाकाठी एक-दोघांनाच उपचार लागण्याइतका सीएलएल होतो. प्रत्येक फळाआधी मोहोर असतो, पण मोहोर बराचसा गळून जातो. आयुर्वेदातला ‘पूर्वरूप’ हा देखणा शब्द येथे सुचवावासा वाटेल. परंतु तेथे पूर्वरूप म्हणजे येऊ घातलेल्या व्याधीची चाहूल, म्हणून तोही नको. ‘कर्करोगपूर्व स्थिती’ मला बरा वाटतो. ‘स्थिती’ आहे तशी राहू शकते, आणि विवाहपूर्व भेटीगाठींतून विवाह होतोच असे नाही, हे ‘पूर्व’ ऐकणाऱ्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

‘क्रॉनिक’साठी ‘जुनाट’ हा प्रतिशब्दही येथे फसवा आहे. जुनाट खोकला म्हणजे बरेच दिवस रेंगाळलेला खोकला; क्रॉनिक ल्युकेमिया मात्र काल लक्षात आला तरी क्रॉनिकच, कारण तो शब्द रोगाचे वय सांगत नाही, त्याची संथ चाल आणि पेशींचे बरेचसे प्रौढ रूप सांगतो. परिभाषेतला ‘चिरकारी’ अचूक आहे, पण घरात कोणी बोलणार नाही, ‘मंदगती’ चालेल. आणखी एक खड्डा: रक्तरोगतज्ज्ञ कांती राय यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात सीएलएलची ‘शून्य’ स्टेज आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, असे आपण समजतो; परंतु स्टेज शून्य हा सीएलएलच असतो, एमबीएल नव्हे. एमबीएलला स्टेज नसतेच.

तेव्हा अहवालातील ते वाक्य मी मराठीत असे लिहीन: ‘रक्तात सीएलएलसदृश, एकवंशी बी-लसीकापेशी वाढलेल्या आढळल्या, त्यांची संख्या सीएलएल म्हणण्याइतकी नाही, ही कर्करोगपूर्व स्थिती असून ठरावीक काळाने पुन्हा मोजणी करावी.’