गोल कोपऱ्यावर धातूची पट्टी: आधी वाकवा, मग चिकटवा

तुमची अडचण मला अशी समजली: खारघरच्या घरात १८ मिमी प्लायचं डायनिंग टेबल, चारही कोपरे ५० मिमी त्रिज्येचे गोल, कडेला सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची टी-पट्टी, म्हणजे मागे प्लायच्या खाचेत बसणारा दांडा असलेली. मिस्त्रींनी रबरी गम लावून ती हातोडीने ठोकत वळवली. एका कोपऱ्यावर सोनेरी रंगात बारीक तडे दिसतायत, दुसऱ्यावर पट्टी आठवड्यात उघडली, आणि आता मिस्त्री म्हणतायत की जास्त ताकदीचा गम आणा.

गम बदलून हे सुटणार नाही. उघडलेल्या कोपऱ्यावर पट्टी पूर्ण वाकलेलीच नव्हती, ती जोर लावून दाबून धरली होती. ती रात्रंदिवस सरळ व्हायला बघते, आणि सनमायकाचा रबरी गम अशा सततच्या ओढीपुढे हळूहळू सैल पडतो. मे महिन्यात तर आणखी लवकर. तडे हा वेगळा प्रकार आहे. ॲनोडायझिंगचा थर म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, कडक आणि ठिसूळ. खालचा धातू ताणला जातो, तो थर ताणला जात नाही, म्हणून फुटतो. फुटलेला थर कुठल्याही पॉलिशने परत जुळत नाही.

म्हणून माझी एकच कसोटी असते. पट्टी गम न लावता, नुसती दोन बोटांनी टेकवून गोलाईवर बसली पाहिजे. बसत नसेल तर गमाचा डबा उघडायचाच नाही.

टी-पट्टीत अडतं ते तिच्या खाचेत जाणाऱ्या दांड्यावर. हिशेब करून बघा. ५० मिमी त्रिज्येच्या पाव वर्तुळाची लांबी साधारण ७८.५ मिमी. दांडा ८ मिमी खोल असेल तर त्याच्या आतल्या टोकाला त्रिज्या उरते ४२, आणि लांबी ६६ मिमी. म्हणजे आतल्या बाजूला साडेबारा मिमी धातू जास्तीचा होतो आणि त्याला जायला जागा नाही. मग पट्टी पिळवटते किंवा तिचं तोंड, म्हणजे बाहेर दिसणारा भाग, फुगतं. यावर दांड्याला व्ही आकाराच्या खाचा पाडतात. साधारण १० मिमीवर एक, टोकाशी दीड मिमीहून जरा जास्त रुंद, म्हणजे आठ खाचांत हिशेब बसतो. खाच मुळाशी थोडी आधी थांबवायची. ती तोंडापर्यंत गेली की बाहेरून त्या जागी घडी दिसते आणि उजेड तिरका पडला की टेबल गोल नाही, अष्टकोनी वाटतं.

खरं सांगायचं तर मी हा खटाटोप टाळतो. गोलाईपुरता दांडा ग्राइंडरने उडवून कानशीने साफ करायचा, सरळ भागात राहू द्यायचा. सरळ भाग खाचेत पकड धरतो, कोपरा नुसता चिकटतो. पट्टी आधी नीट वाकवलेली असली की तेवढं पुरतं.

पण तुम्हाला नवीनच घ्यायची आहे, तर पितळेची सपाट पट्टी घ्या. जाडी दीड मिमी पुरे. रुंदीला प्लायच्या १८ मिमीत वरच्या सनमायकाचा १ मिमी मिळवा. मुंबईत गुलालवाडीला धातूचे व्यापारी आहेत, तिथे पट्टी मिळते. पितळ ताव देऊन मऊ करता येतं: टॉर्चने सावलीत तापवायचं, अंधूक लाल दिसलं की थांबायचं, मग पाण्यात बुडवा किंवा तसंच गार होऊ द्या, पितळेला दोन्ही चालतं. वाकवायचं मात्र गार झाल्यावरच. लाल असताना वाकवलं तर तडकू शकतं, विशेषतः शिसं मिसळलेलं. वाकवताना मध्येच कडक लागू लागलं तर पुन्हा ताव द्या.

ॲल्युमिनियमच हवं असेल तर रंग न केलेलं घ्या, वाकवा आणि मग ॲनोडाइज किंवा पावडर कोट करा. त्याला तापवताना रंग बदलून इशारा मिळत नाही, थेट वितळतं. म्हणून कपड्याच्या साबणाची कोरडी वडी त्यावर घासायची. साबणाची रेघ काळपट झाली की टॉर्च बाजूला.

स्टेनलेस स्टील हे घरी हाताने करायचं काम नव्हे, ते फार परत उघडतं. वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे रोलवर वाकवून घ्या आणि सोनेरी पीव्हीडी कोटिंग (निर्वात यंत्रात चढवलेला पातळ, कडक थर) त्यानंतर करा. ग्रेड ३०४ असल्याचं बिलावर लिहून घ्या. खाडीच्या हवेत स्वस्त २०२ वर डाग धरतात, आणि चुंबक लावून दोघांतला फरक कळत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

वाकवायला प्लायचा फर्मा करा, त्रिज्या टेबलापेक्षा थोडी लहान, कारण पट्टी सुटल्यावर जराशी उघडतेच. किती लहान, हे उरलेल्या तुकड्यावर बघून ठरवा, पुस्तकात शोधू नका. पट्टी आधी मापात कापू नका. टोकाचा भाग कधीच नीट वळत नाही, शिवाय धरायला लांबी लागते. वाकवा, टेबलावर ठेवून खूण करा, मग कापा. आणि जोड गोलाई सुरू होते तिथे नको, भिंतीकडच्या सरळ बाजूला घ्या.

लाकडाची कड जिगसॉने कापलेली असते, ती बहुधा काटकोनात नसते. गुण्या लावून तपासा, नाहीतर पट्टी वर टेकेल आणि खाली फट राहील.

चिकटवायला कोपऱ्यांवर इपॉक्सी घ्या, ॲरल्डाइटचा सावकाश सुकणारा प्रकार, म्हणजे पट्टी सरकवायला वेळ मिळतो. पांढरा फेव्हिकॉल इथे कामाचा नाही, तो पाणी शोषणाऱ्या लाकडासाठी आहे. पट्टीची मागची बाजू ८० नंबरच्या पेपरने खरवडा, थिनरने पुसा आणि लगेच चिकटवा, दुसऱ्या दिवशी नाही. दाब द्यायला सायकलची जुनी ट्यूब लांब कापून ताणून गुंडाळा, तिचा सगळा जोर कोपऱ्यावरच येतो. सरळ भागाला क्लॅम्प लागतील. सरळ भागात रबरी गम वापरलात तर पावसाळ्यात सांभाळा: गम सुकताना गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं, थर पांढुरका होतो आणि मग धरत नाही. हेअर ड्रायर फिरवा. आणि टॉर्चचं काम गमाच्या डब्याजवळ अजिबात नको, त्याची वाफ पेट घेते.

जुनी पट्टी ओढून काढू नका, प्लायचा वरचा पापुद्रा सोबत येईल. हीट गनने थोडी थोडी तापवत पुट्टीची पत्ती आत सरकवा. उरलेला गम खरवडला की टी-पट्टीची रिकामी खाच दिसेल, ती सपाट पट्टी लावण्याआधी लाकडाची चीप आणि पांढरा फेव्हिकॉल घालून भरा आणि पूर्ण सुकू द्या.