छायाचित्रण शिकण्यासाठी पहिला कॅमेरा फिल्मचा घ्यावा का?

फिल्मवर शिकले की शिस्त लागते असे सगळे सांगतात, तर पहिला कॅमेरा फिल्मचाच घ्यावा का, असे आपण विचारले आहे. हौस म्हणून मी दोन्ही वापरतो, आणि पहिला कॅमेरा फिल्मचा घेऊ नये असे माझे मत आहे. एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे मिळत असल्याने हात आवरला जातो हे खरे, पण हात आवरल्याने चूक कळतेच असे नाही.

दिवे घाटातील पालखीचे उदाहरण घ्या. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरूनच कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चालतो. त्यामुळे पांढऱ्या वेशातील वारकऱ्यांनी चौकट भरली की तो त्या पांढऱ्यालाही करडे करतो आणि चेहरे काळवंडतात. डिजिटल कॅमेऱ्यात हे मागच्या पडद्यावर तेथेच दिसते आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश वाढवून पुढचे छायाचित्र सुधारता येते. फिल्मवर तेच रोल धुऊन आल्यावर कळते, आणि तोवर अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र किती उघडे) व शटरचा वेग किती होता हे आपण विसरलेले असतो. डिजिटल फाइलमध्ये ते आकडे आपोआप नोंदले जातात. फिल्मसाठी वही ठेवावी लागते, जी मी दोन वर्षे ठेवली नाही आणि तेवढी वर्षे त्याच त्या चुका करीत राहिलो. एकदा तर फिल्मचे टोक गुंडाळीच्या दांड्यात नीट अडकलेच नव्हते, आणि अख्खी वारी मी कोऱ्या रोलवर टिपली. रोल पुढे सरकवताना रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत गुंडाळण्याची, कळ फिरते की नाही, एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

शिवाय एकीकडची सवय दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही. निगेटिव्ह फिल्म (जिच्यावर उजेड-अंधार उलटे उमटतात) जास्तीचा प्रकाश बराच पचवते पण कमी प्रकाशात सावल्या रिकाम्या ठेवते, म्हणून तेथे सावलीकडे पाहून मोजणी करावी. डिजिटलमध्ये जास्त प्रकाशाने एकदा जळून कोरे पांढरे झालेले परत येत नाही, म्हणून उजेडाकडे पाहून. स्लाइड फिल्म (जिच्यावर सरळ चित्र उमटते) या बाबतीत डिजिटलच्या जवळची आहे.

तरीही मी फिल्म सोडलेली नाही, कारण कृष्णधवल रोल घरी धुण्याचा आनंद वेगळा आहे. त्यासाठी डार्करूम लागत नाही. रोल भरायला काळी पिशवी आणि धुवायला झाकणाची टाकी पुरते. मात्र डेव्हलपरचे, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाचे, वेळेचे तक्ते बहुधा २० अंश सेल्सिअसचे असतात आणि एप्रिलमध्ये आपल्या नळाचे पाणी त्याहून बरेच गरम असते, तेव्हा बाटल्या बर्फाच्या बादलीत ठेवाव्या लागतात.