जुना टॅब दुसरा मॉनिटर म्हणून लावताना
नवा मॉनिटर घ्यायला लगेच पणजीला धावू नकोस, घरातला अँड्रॉइड टॅब चालेल. विंडोज लॅपटॉपवर स्पेसडेस्क या टॅबला मॉनिटर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर टाक, टॅबवर त्याचंच व्ह्यूअर अ‍ॅप. दोन्ही एकाच वायफायवर हवेत. जोडणी झाली की विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवड, नाहीतर दोन्हीकडे तेच चित्र. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये 1 आणि 2 चे चौकोन, म्हणजे दोन्ही स्क्रीन, टेबलावर जशा ठेवल्यात तसेच मांड. टॅब डावीकडे आणि चौकोन उजवीकडे राहिला, तर माउस भलत्याच कडेला जाऊन अडतो आणि माणूस उगाच अ‍ॅपला शिव्या घालतो. पावसाळ्यात फोंड्याकडे वीज गेली की राउटर बंद. तेव्हा यूएसबी केबल कामाला येते, लॅपटॉपवरच्या स्पेसडेस्कच्या कन्सोलमध्ये (सेटिंगच्या खिडकीत) तो पर्याय चालू करून ठेव. मेल, चॅटला झकास. व्हिडिओ मात्र लॅपटॉपवरच बघ.