आठ दिवसांनी स्टार्टर मारला की निळा भपका

प्रश्न: माझ्याकडे सेकंडहँड जर्मन स्पोर्ट्स कार आहे, सहा सिलिंडरचं आडवं इंजिन, मागे बसवलेलं. फक्त रविवारी निघते. आठ दिवसांनी स्टार्ट केली की डाव्या सायलेन्सरमधून निळसर धुराचा भपका येतो आणि पाच-सात सेकंदांत गायब. रोज चालवली तर काहीच नाही. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अहो थांबा, इंजिन इतक्यात उतरवू नका! तुमच्या इंजिनात पिस्टन आडवे झोपलेले असतात. उभ्या इंजिनात गाडी बंद केली की ऑइल खाली निथळून जातं, इथे ते सिलिंडरच्या खालच्या अंगाला रेंगाळतं, थोडं थोडं रिंगांच्या फटीतून पलीकडे झिरपतं आणि पुढच्या रविवारी तेच जळतं. पोर्श ९११ ला १९६३ पासून असंच इंजिन आहे, सुबारूचंही आडवंच, ही या जातीची जुनी खोड.

पण डावीकडूनच का? पार्किंगची फरशी एका बाजूला उतरती आहे का बघा, बेसमेंटमध्ये पाण्याच्या निचऱ्यासाठी ढाळ देतातच. पुढच्या वेळी गाडी उलट तोंड करून लावा आणि आठ दिवस हात लावू नका. भपका आता उजव्या पाइपातून आला तर दोष ढाळाचा. तरीही डावीकडूनच येत राहिला, टोकाला काजळी धरत असेल, टकटक ऐकू येत असेल, तर मात्र प्लग काढून त्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत का ते बघायला सांगा, इंजिन न खोलता होतं हे.

निळा की पांढरा यात डोळे फसतात, म्हणून पाइपामागे वर्तमानपत्राचा कागद धरा (हात लांब ठेवून). पाणी असेल तर कागद वाळतो, ऑइल असेल तर भज्यांच्या कागदासारखा आरपार डाग राहतो. पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट कमी होत असेल तर ते दुखणं वेगळं, हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या हेडमधली सीलपट्टी) तपासा.

घाबरायचं कधी? धूर थांबतच नाही, सगळं पार्किंग भरून जातं, तेव्हा लगेच बंद करा. या गाड्यांत इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा एक डबा असतो, त्यातला रबरी पडदा फाटला की इनटेक (इंजिनात हवा नेणारा मार्ग) ऑइल ओढायला लागतं. थोडंसंच आत गेलं असेल तर चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून बघा, थोडी ओढ असतेच, पण शिट्टी न पडलेल्या कुकरसारखं घट्ट बसलं असेल तर पडदा गेलाय. ऑइलचा लोंढा सिलिंडरमध्ये गेला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका.

आणि हो, घाट गिअरवर उतरून खाली पोचल्यावर अॅक्सिलरेटर दाबताच निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील बघा. सगळ्यात आधी मात्र ऑइलची पातळी बघा, सर्व्हिसला कुणीतरी अर्धा लिटर जास्त ओतलं असेल तरी हाच तमाशा होतो.