विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी आदिवासी व भटक्या समाजांचे ज्ञान मान राखून कसे जपावे?

मी जत तालुक्यातल्या धनगराच्या घरातला आणि सांगलीतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात २६ वर्षे नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्हीकडून झोंबतो. (धनगरांना आदिवासी म्हणावे की नाही, हा वाद इथे नको.)

१९८८ साली, आमचा वाडा (मेंढरे घेऊन फिरणारा धनगरांचा तांडा) कृष्णाकाठाहून परतल्यावर, एका विद्यापीठाचे अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि तीन रात्री आमच्याकडे बसले. ओवी वडील गात, मागे चुलते झिलकरी, म्हणजे साथीला सूर धरणारे. सुंबरान (सुरुवातीचे देवाचे स्मरण) मांडल्यापासून पहाटेपर्यंत बिरोबाची कथा चाले आणि मध्येच ढगांचा रंग, वारा व मेंढरांचे वागणे यांवरून पाऊस कसा ओळखावा, याच्याही ओव्या येत. शेवटचा भाग आमच्याकडे देवापुढे भंडारा उधळल्यावरच गातात; तो संपवून वडिलांनी ‘हे दुसरीकडं लावू नका’ असे बजावले. अभ्यासकांनी मान डोलावली.

२००९ मध्ये मी त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तालिकेत नोंद होती: ‘लोकगीते, धनगर, ३ कॅसेट, संग्राहक अमुक, गायक अज्ञात.’ वडिलांचे नाव डबीवर पेन्सिलीने लिहिलेले होते, तरी अज्ञात! ऐकायला मागितले, तर मार्गदर्शकाचे शिफारसपत्र आणा म्हणाले. ओळख काढून एकदाचे ऐकले. फितीवर बुरशी चढली होती, आवाज मध्येच बसत होता. पण एका ठिकाणी आईने कोकराला हाकललेले स्पष्ट ऐकू आले. ज्या भागाबद्दल वडिलांनी बजावले होते, तो मात्र पत्र घेऊन येणाऱ्या कोणालाही खुला होता.

नोंद संग्राहकाच्याच नावावर होते, असे तिथल्या ग्रंथपालांचे म्हणणे. ते चूक आहे. ध्वनिमुद्रणाची मुख्य नोंद गायकाच्या नावावर करण्याची सोय एएसीआर-२ या तालिकेच्या जुन्या नियमावलीतही होती. जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवणाऱ्यांनी गाणाऱ्या बायकांची नावे आणि गावे टिपली, मग तीन कॅसेटना काय जड होते? शिवाय पावसाच्या ओव्या त्यांनी पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणाच्या ३९८ मध्ये, लोककथांच्या पंगतीला बसवल्या. हेच वेधशाळेने सांगितले असते, तर हवामानशास्त्राचा ५५१ मिळाला असता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाबद्दल इतकेच: काय खुले ठेवायचे आणि काय नाही, हे ज्यांचे ज्ञान त्यांना विचारून ठरवावे. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू लोकांच्या अशाच नियमांवरून ‘मुकुर्तू’ ही संगणकप्रणाली उभी राहिली, म्हणजे तांत्रिक अडचणीची सबब चालणार नाही. सगळे सरसकट जगाला खुले करणे म्हणजे आदर नव्हे. जखमेवरच्या हळदीचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले आणि ते १९९७ मध्ये रद्द करवून घेण्यासाठी आपल्याला जुने ग्रंथ पुढे करावे लागले. जे ग्रंथात नाही, फक्त तोंडी आहे, त्याचा पुरावा कोण देणार? म्हणून नोंद हवीच, पण तिची किल्ली एकट्या विद्यापीठाच्या खिशात नको.

सगळेच ग्रंथपाल असे नसतात, आणि कॅसेटचे डिजिटायझेशन करायला अनुदान मिळत नाही, हे मी स्वतः भोगले आहे. त्या अभ्यासकांनी मुद्रण केले नसते, तर वडिलांचा आवाज मला पुन्हा ऐकायला मिळालाच नसता, हेही कबूल. पण पहिली प्रत आमच्या घरी यायला हवी होती. नोंद दुरुस्त करण्याच्या माझ्या अर्जाची पोच तेवढी माझ्याकडे आहे.