दोन सूर्यांभोवतीचे ग्रह : वाचकांचे प्रश्न

जोडताऱ्यांवरच्या लेखानंतर पुणे आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतले ग्रहशोधाविषयीचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एकट्या ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ठरावीक काळाने प्रकाश घटतो, हे कळले. पण दोन तारे मुळातच एकमेकांना झाकत असतील, तर त्या गोंधळात ग्रह वेगळा कसा ओळखायचा?
— विद्यार्थिनी, कर्वेनगर

ग्रह वेळ पाळत नाही, त्यावरूनच तो ओळखू येतो. २०११ मध्ये जाहीर झालेल्या केप्लर-१६ चे आकडे पाहा. तिथले दोन तारे ४१.०८ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. त्यांच्या ग्रहणांत प्रकाश एकदा १३ टक्के आणि एकदा १.६ टक्के घटतो, आणि हे अगदी घड्याळाच्या काट्यावर होते. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींत यांखेरीज १.७ टक्क्यांचे आणि ०.१ टक्क्यांचे असे आणखी खळगे सापडले. १.७ टक्क्यांचा खळगा आधी २३०.३ दिवसांनी परत आला आणि पुढच्या खेपेला २२१.५ दिवसांनी. मागे दडलेली एखादी दुसरी जोडी प्रकाश मिसळत असती, तर तिनेही वेळ पाळली असती.

हा फरक पडतो कसा? ग्रह दोघांच्या गुरुत्वमध्याभोवती फिरतो, पण झाकतो त्यांतल्या एका ताऱ्याला, आणि तो तारा जागेवर थांबलेला नसतो. केप्लर-१६ चा मोठा तारा सूर्याच्या ०.६९ पट वस्तुमानाचा आहे आणि धाकटा ०.२० पट. त्यामुळे मोठा तारा गुरुत्वमध्यापासून सुमारे ७६ लाख किलोमीटर दोन्ही बाजूंना हेलकावतो. ग्रहाचा वेग सेकंदाला साधारण ३३ किलोमीटर धरला, तर तेवढे अंतर कापायला त्याला अडीच दिवसांहून थोडे जास्त लागतात. अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचे ताऱ्यासमोरून जाणे, तेवढे लवकर किंवा उशिरा होऊ शकते.

अधिक्रमण किती वेळ चालते, तेही बदलते. तारा ग्रहाच्याच दिशेने सरकत असेल तर ते लांबते, उलट दिशेने सरकत असेल तर आखडते. यात एक पक्की परीक्षा आहे. तारा कडेला असतो तेव्हा वेळेतला फरक सर्वाधिक असतो, पण त्याचा आडवा वेग जवळपास शून्य असल्यामुळे कालावधी सरासरीइतका राहतो. तो मधोमध असतो तेव्हा नेमके उलटे होते. हे दोन्ही फरक एकाच कक्षेत चपखल बसले, तरच ग्रह मानायचा. केप्लर-१६ मध्ये ग्रहाच्या ओढीने ताऱ्यांच्या ग्रहणांच्या वेळाही किंचित सरकल्या, आणि त्यावरून ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या एक तृतीयांश, म्हणजे शनीच्या जवळपास, असल्याचे कळले.

प्रश्न : आमच्या गटाकडे आठ इंची न्यूटोनियन, मोटर बसवलेला जर्मन इक्वेटोरियल माउंट आणि थंड होणारा मोनो कॅमेरा आहे. पुण्यातून असा ग्रह पकडता येईल का? केप्लर-१६ पासून सुरुवात करावी म्हणतो.
— हौशी निरीक्षक, सिंहगड रस्ता

केप्लर-१६ नको. त्या ग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू डोलते. मोठ्या ताऱ्यावरची त्याची अधिक्रमणे २०१८ मध्ये थांबली आणि ती २०४२ च्या सुमारास पुन्हा सुरू होतील. त्यात तो तारा हंस तारकासमूहात. पुण्यात हंस रात्री डोक्यावर येतो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो.

ग्रहाचा खळगा सोडा आणि ग्रहणाच्या वेळा मोजा. दूरचा ग्रह जोडीला पुढे-मागे ओढतो, त्यामुळे तिचा प्रकाश कधी जरा लवकर पोचतो, कधी उशिरा. यासाठी कन्या राशीतला एचडब्ल्यू व्हर्जिनिस हा जोडतारा घ्या. त्याची प्रत सुमारे १०.७ आहे आणि दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांनी एकदा खोल, टोकदार ग्रहण होते. पुण्यातून तो मध्यमंडलावर साधारण ६३ अंश उंच येतो आणि फेब्रुवारी ते मे हा त्याचा हंगाम. मार्चमध्ये एका रात्रीत दोन, जमले तर तीन ग्रहणे पदरात पडतात.

पद्धत अशी. कॅमेरा उणे दहा अंशांवर स्थिर करा आणि व्ही फिल्टर लावा. एक्स्पोजर १५ सेकंदांचे ठेवा. ताऱ्याचा सर्वात उजळ पिक्सेल कॅमेऱ्याच्या कमाल क्षमतेच्या निम्म्यापेक्षा वर जाऊ देऊ नका. जात असेल तर फोकस किंचित सैल करा, गेन वाढवू नका. ग्रहण वीसेक मिनिटांचे असते, त्याच्या आधीची अर्धा तास आणि नंतरची अर्धा तास नोंद हवीच. एकाच बाजूची नोंद असेल तर मध्याची वेळ काढता येत नाही. डार्क, म्हणजे झाकण लावून घेतलेले फोटो, तीसेक घ्या. फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, संध्याप्रकाशात, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती टी-शर्ट ताणून घ्या. त्यानंतर कॅमेरा फिरवायचा नाही, फोकसलाही हात लावायचा नाही.

तारा मध्यमंडल ओलांडताना करावी लागणारी माउंटची उलटापालट ग्रहणाच्या मधोमध येणार नाही, हे संध्याकाळीच पाहून ठेवा. ती झाली की तारे सेन्सरच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातात आणि आलेखाला पायरी पडते. दुसरी भानगड रंगाची. हा तारा अतिशय तप्त आणि निळा आहे, तुलनेला मिळणारे शेजारी बहुधा तांबूस. तारा खाली उतरू लागला की हवा निळा प्रकाश जास्त खाते, आलेख तिरपा होतो आणि ग्रहणाचा मध्य काही सेकंदांनी सरकतो. म्हणून ४० अंशांखाली मोजू नका. त्यातल्या त्यात निळसर असे तीन-चार तुलनातारे निवडा. ग्रहणाबाहेरचा आलेख सपाट नसतो, कारण धाकट्या ताऱ्याची तापलेली बाजू वळत असते. तो बाक ग्रहणाच्या दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे त्याने बिघडत नाही. तो सपाट करायला जाल तर मात्र बिघडेल.

खरे काम यापुढे आहे, आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते : वेळ. या जोडीचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.६ पट आहे. गुरूएवढा ग्रह गुरूएवढ्याच अंतरावर असेल, तर ग्रहणे जेमतेम चार सेकंद पुढे-मागे होतील. त्यापुढे चुका कशा दिसतात ते पाहा. बहुतेक सॉफ्टवेअर एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ लिहिते. मध्याची वेळ हवी म्हणून साडेसात सेकंद मिळवायचे. लॅपटॉपचे घड्याळ रात्रीत सेकंदभर सहज सरकते, तेव्हा जीपीएस जोडा, निदान इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा एनटीपीचा चांगला प्रोग्रॅम चालवा. जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्यावर लुकलुकणाऱ्या एलईडीचा फोटो घेतला की कॅमेऱ्याची दिरंगाईही कळते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना, मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या फ्रेमना आदली तारीख लागते, हे विसरू नका.

मग पृथ्वीच्या कक्षेची दुरुस्ती. हा तारा क्रांतिवृत्ताजवळ असल्याने ती जवळपास ४९९ सेकंदांपर्यंत जाते. सूर्यकेंद्री वेळ वापरली आणि सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची वापरली नाही, तर चार सेकंदांपर्यंत चूक राहते, म्हणजे आपल्या काल्पनिक ग्रहाइतकीच. शेवटी यूटीसीवरून (नागरी जागतिक वेळ) टीडीबीवर (लीप सेकंद नसलेली, एकसमान खगोलीय वेळ) जायचे. त्यासाठी २०१७ पासूनच्या नोंदींना ६९.१८४ सेकंद मिळवायचे, पण १९८४ च्या नोंदींना ५४.१८४. दरम्यानच्या काळात लीप सेकंद भरले गेले आहेत. जुन्या-नव्या वेळा तशाच एका आलेखात टाकल्या की पंधरा सेकंदांची वाकडी रेघ आयती तयार होते, आणि तिला कक्षा चिकटवणारे भेटतात!

मध्य काढायला १९५६ ची क्वी-व्हॅन वोर्डेन पद्धत सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती वेळ ठीक देते, पण त्रुटी फारच लहान दाखवते. तो आकडा जसाच्या तसा छापू नका. सलग दोन-तीन ग्रहणांच्या वेळांत प्रत्यक्ष किती विखुरणी पडते, त्यावरून त्रुटी ठरवा.

प्रश्न : ग्रहणांच्या वेळांवरून जाहीर झालेले कितीतरी ग्रह नंतर बाद होतात, असे वाचले. मोजणी चुकते का?
— निवृत्त शिक्षक, चिंचवड

मोजणी बहुधा बरोबर असते, अर्थ लावण्यात गडबड होते. वर सांगितलेल्या एचडब्ल्यू व्हर्जिनिसचेच घ्या. २००९ मध्ये त्याच्याभोवती दोन सोबती असल्याचा दावा झाला. त्या कक्षा संगणकावर पुढे चालवून पाहिल्या तर टिकेनात. २०१२ मध्ये सुधारित कक्षा आल्या, पण नंतरची ग्रहणे त्यांनाही जुमानेनात.

संशयित बहुतेकदा जोडीतला थंड तारा असतो. १९९२ मध्ये ॲपलगेट यांनी मांडले, की अशा ताऱ्याचे चुंबकीय चक्र त्याच्या अंतरंगातला कोनीय संवेग इकडून तिकडे हलवते, तारा किंचित अधिक किंवा कमी चपटा होतो, आणि जोडीचा भ्रमणकाळ बदलतो. आलेखावर तो बदल ग्रहासारखाच डोलताना दिसतो. मात्र ग्रहाचे चक्र प्रत्येक वेळी तेवढ्याच काळाचे आणि तेवढ्याच उंचीचे असते, चुंबकीय चक्र तसे नसते. म्हणून एका फेरीवर दावा करू नये, निदान दोन पूर्ण फेऱ्या हव्यात. दहा-पंधरा वर्षांच्या कक्षेसाठी याचा अर्थ काय होतो, तो हिशेब तुम्हीच करा.

व्ही४७१ टॉरी या जोडीभोवती तपकिरी खुजा तारा (ग्रहाहून जड, ताऱ्याहून हलका) असल्याचे वेळांवरून मानले जात होते. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवरच्या स्फिअर उपकरणाने घेतलेली थेट प्रतिमा २०१५ मध्ये जाहीर झाली. जोडीच्या सापेक्ष तो कुठे दिसायला हवा होता ते ठाऊक होते. तिथे काहीच नव्हते.

प्रश्न : डॉप्लर पद्धत का नाही वापरत?
— कोथरूड

वापरतात, पण उशिरा जमली. दोन्ही ताऱ्यांच्या वर्णरेषा एकमेकींत मिसळतात आणि त्या सतत सरकत असतात. केप्लर-१६ च्या मोठ्या ताऱ्याचा वेग जोडीदारामुळे सेकंदाला सुमारे साडेतेरा किलोमीटरने वर-खाली होतो, ग्रहामुळे फक्त ११.८ मीटरने. हजारपट मोठ्या लाटेतून ही लहर वेगळी काढायची. यावर उपाय म्हणजे धाकटा तारा इतका मंद असावा, की वर्णपटात एकट्या मोठ्याच्याच रेषा उमटाव्यात. बेबॉप प्रकल्प अशाच जोड्या निवडतो. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या १.९३ मीटरच्या दुर्बिणीने केप्लर-१६ चा ग्रह या मार्गाने पुन्हा पकडला, आणि २०२३ मध्ये टीओआय-१३३८ भोवतीचा २१५ दिवसांचा दुसरा ग्रह डॉप्लरनेच सापडला.

प्रश्न : टेस या अवकाश दुर्बिणीची माहिती मोफत मिळते. पायथॉन येते. घरबसल्या शोध घेता येईल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धनकवडी

येईल. टीओआय-१३३८ चा पहिला ग्रह २०१९ मध्ये नासाच्या केंद्रात उन्हाळी प्रशिक्षणाला आलेल्या एका शाळकरी मुलाच्या नजरेला पडला होता. यंत्राने तो सोडून दिला होता, आणि त्यामागे कारण आहे. नेहमीची बॉक्स लीस्ट स्क्वेअर्स पद्धत खळगे समान अंतरावर आहेत असे धरून घड्या घालते, म्हणजे आलेखाचे तेवढ्या लांबीचे तुकडे एकमेकांवर ठेवते. आपले खळगे काही दिवसांनी सरकलेले असतात, त्यामुळे घडी घातली की ते पुसले जातात.

म्हणून लाइटकर्व्ह या पायथॉन पॅकेजने आलेख उतरवून आधी जोडीच्या भ्रमणकाळावर घडी घाला, ग्रहणांच्या जागा ठरवा आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवून त्या कापून टाका. उरलेला आलेख सपाट करताना खिडकी मोठी ठेवा, अपेक्षित अधिक्रमणाच्या निदान तिप्पट. नाहीतर फिल्टर ग्रहालाच गिळतो. मग घडी न घालता आलेख डोळ्यांनी वाचा. कंटाळवाणे आहे, पण याहून चांगली युक्ती अजून नाही.

खळगा दिसला की लगेच हुरळून जाऊ नका. सेक्टर, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याचे सलग निरीक्षण, साधारण २७ दिवसांचा असतो. त्याच्या सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या माहिती-प्रक्षेपणाच्या खंडाजवळ भटका प्रकाश घुसतो, तेव्हा पार्श्वभूमीचा आलेख शेजारी मांडा. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा, त्यामुळे शेजारच्या ताऱ्याचे ग्रहण तुमच्या खात्यात जमा होऊ शकते. खळग्याच्या वेळी प्रकाशाचा मध्यबिंदू सरकतो का, ते तपासा. एकाच फेरीत ग्रह दोन्ही ताऱ्यांसमोरून गेला तर नशीब समजा. टीआयसी १७२९०००९८८ मध्ये तसेच झाले, पाच दिवसांच्या अंतराने. त्या दोन खळग्यांवरून एका सेक्टरमध्येही कक्षेचा अंदाज बांधता येतो.

शोधायला सोप्या म्हणून अगदी कमी भ्रमणकाळाच्या जोड्या घेऊ नका. केप्लरला ग्रह मिळालेल्या जोड्यांत सर्वात वेगवान केप्लर-४७ आहे, तिचा भ्रमणकाळ ७.४५ दिवस.

प्रश्न : ग्रह जोडीच्या किती जवळ राहू शकतो?
— औंध

दोन्ही तारे सारखे आणि कक्षा वर्तुळाकार असेल, तर ताऱ्यांमधल्या अंतराच्या सुमारे २.४ पट. त्याच्या आत ग्रह टिकत नाही. हे होल्मन आणि विगर्ट यांच्या १९९९ च्या सूत्रातून येते. कक्षा लांबट असेल तर मर्यादा बाहेर सरकते. केप्लर-१६ साठी ती २.९ पटींच्या आसपास येते आणि ग्रह आहे ३.१ पटींवर, म्हणजे अगदी काठावर.

प्रश्न : खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला असे ग्रह दिसतील का?
— नारायणगाव

ग्रह दिसणार नाही, पण ग्रहणांऐवजी स्पंदकाचे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याचे, रेडिओ ठोके मोजले तर युक्ती तीच, घड्याळ मात्र कितीतरी सरस. वृश्चिकेतल्या एम-४ या गोलाकार तारकागुच्छात पीएसआर बी१६२०-२६ हा स्पंदक आहे. तो सेकंदाला नव्वदच्या आसपास ठोके देतो आणि एका श्वेतखुजासोबत १९१ दिवसांत फेरी मारतो. ठोक्यांचा वेग दीर्घकाळ वेगळाच बदलत होता, त्यावरून १९९३ मध्ये तिसऱ्या वस्तूचा तर्क झाला. २००३ मध्ये हबलने श्वेतखुजा ओळखला, त्यामुळे कक्षांचे कोन बांधता आले आणि ती वस्तू गुरूच्या सुमारे अडीचपट वस्तुमानाचा ग्रह ठरली. स्पंदकांचे ठोके मोजणे हे जीएमआरटीचे नेहमीचे काम आहे, आणि एम-४ तिथून आरामात दिसतो.