ई.एस.टी. या जॅझ त्रिकूटाचा 'ट्यूजडे वंडरलँड' हा स्टुडिओ अल्बम ऐकलाय, मग त्यांचा 'लाइव्ह इन हॅम्बर्ग' वेगळा ऐकायची गरज आहे का? आणि पुढे काय ऐकावं?

आहे, आणि अगदी आहे. तुमची शंका मात्र रास्त आहे. हॅम्बर्गच्या दोन सीडी मिळून दहा रचना, त्यातल्या सात 'ट्यूजडे वंडरलँड'मधल्याच. 'तेच ते, वर टाळ्या' असं वाटणारच.

हे त्रिकूट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ई.एस.टी. म्हणजे एसबियॉर्न स्वेन्सन ट्रिओ, स्वीडनचा, 1993 पासूनचा. पियानोवर स्वेन्सन, डबल बासवर (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) डान बेर्ग्लुंड, ड्रम्सवर माग्नुस ओस्ट्रॉम. स्वेन्सन आणि ओस्ट्रॉम लहानपणापासूनचे दोस्त. 2006 साली 'डाउनबीट' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर हे तिघे झळकले. युरोपातल्या जॅझ बँडला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. 'ट्यूजडे वंडरलँड' त्याच वर्षीचा, आणि हॅम्बर्गचा कार्यक्रमही त्याच वर्षी नोव्हेंबरात झाला. त्याचा अल्बम 2007 ला आला.

आता मुद्दा. 'ट्यूजडे वंडरलँड'मागे जर्मन संगीतकार बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविएर' या आखीवरेखीव पियानो-रचनांच्या संग्रहाची प्रेरणा आहे, त्यामुळे तो बांधेसूद आहे. 'फेडिंग मेड' या रचनेचा प्रील्यूड (नांदी) सुरुवातीला आणि पोस्टल्यूड (समारोप) शेवटी. सुरुवातीला पियानो एकटाच, अगदी हळुवार, आणि मग एकदम जो गडगडाट कोसळतो त्यानं हेडफोन लावलेला माणूस दचकतोच. ती इलेक्ट्रिक गिटार नाही बरं का. बेर्ग्लुंडचा तो बासच आहे, आवाज डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टमधून, फाडून काढलेला. गडी मूळचा हार्ड रॉकचा भक्त, ते लपत नाही.

हॅम्बर्गच्या अल्बममध्ये ही सुरुवात-शेवटाची चौकट नाहीच. 'ट्यूजडे वंडरलँड'नं थेट सुरुवात, आणि शेवट 2002 च्या अल्बममधल्या 'बिहाइंड द यशमक'नं. मधल्या रचना मोकळ्या सुटतात. 'डोलोरेस इन अ शूस्टँड' दोन्हीकडची पाठोपाठ लावून बघा. धून तीच, पण लाइव्हमध्ये ते तिला इतकं घोळवतात, ताणतात, की मूळ धून परत येते तेव्हा आपणच सुटकेचा श्वास टाकतो.

आपल्याकडे जॅझला लगेच ख्यालाच्या शेजारी बसवतात. बंदिश आणि बढत, इथपर्यंत ते ठीक. पण इथे कुणी कुणाच्या साथीला बसलेलं नाही. ओस्ट्रॉम ठेका धरून वाट बघत बसत नाही, आणि पियानो कितीतरी वेळ एकच छोटा तुकडा फिरवत राहतो, बाकी दोघांना जागा देत. म्हणून लाइव्ह ऐकताना निदान एकदा पियानोकडे दुर्लक्ष करून फक्त बास ऐका. कुठे गज फिरतोय, कुठे बोटं, एवढंच. अर्धा अल्बम नवा वाटेल. आणखी एक: त्यांचा साउंड इंजिनियर ऑके लिंटन याला बँडचा चौथा सदस्यच मानायचे. लाइव्ह ऐकल्यावर का ते कळतं.

कुणाला एकच घ्यायचा असेल तर माझं मत हॅम्बर्गला. स्टुडिओ अल्बम देखणा आहे, पण काही ठिकाणी जरा जास्तच नीटनेटका. 'गोल्डरॅप' तर मला तिथे उरकल्यासारखा वाटतो.

पुढे काय, हेही विचारलंय तुम्ही. स्वेन्सन 14 जून 2008 ला स्टॉकहोमजवळ स्कूबा डायव्हिंग करताना गेला, वय अवघं 44. त्यानंतर काही महिन्यांनी आलेला 'ल्यूकोसाइट' हा त्याच्या हयातीतच, दौऱ्यावर असताना सिडनीच्या स्टुडिओत वाजवता वाजवता घडलेला अल्बम. त्यात हाताला धरायला सोपी धून फारशी मिळत नाही, आवाजही कर्कश होत जातो. तो लगेच लावू नका. आधी 'फ्रॉम गॅगारिन्स पॉइंट ऑफ व्ह्यू' घ्या, 1999 चा. त्यातली त्याच नावाची रचना रात्री, दिवे घालवून ऐकण्यासारखी आहे. 'ल्यूकोसाइट' त्यानंतर, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी नको, सलग.